शेजारचा रकाना

शाळेच्या फॉर्मवर ‘मूल बोलते का?’ या प्रश्नापुढे दोन बोटं जागा सोडलेली होती. तिथे वर्गाच्या बाईंनी हिरव्या शाईत लिहिलं होतं, ‘फक्त रिपीट करते.’ आणि अगदी खाली, शेऱ्याच्या चौकटीत, त्याच शाईत : ‘सबब शिशुवर्गाचे वर्ष रिपीट करावे. अंतिम निर्णय मोठ्या बाईंचा. भेट महिनाअखेरच्या शुक्रवारी, सकाळी दहा.’

पिटूच्या आईनं तो कागद शाळेच्या फाटकाशी एकदा वाचला, जिन्यात एकदा वाचला आणि घरी आल्यावर चपला न काढताच तिसऱ्यांदा वाचला. पिटू साडेपाच वर्षांची. वर्गातली बाकीची पोरं पहिलीत जाणार आणि ही एकटी मागे, नव्या लहानग्यांत बसणार. दुसरी कुणी असती तर रडली असती, नाहीतर तरातरा परत जाऊन बाईंना चार शब्द सुनावून आली असती. ही बाई वजनमापांच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं काढलेली. ती तिथेच दाराशी उभी राहून विचार करू लागली, की हा शब्द एकाच कागदावर दोनदा आलाय. वर तो मुलीचा दोष आहे आणि खाली तोच त्या दोषावरचा उपाय. मग बाईंना त्यातून नेमकं म्हणायचंय तरी काय?

तिनं कपाटावरचा जाडा शब्दकोश खाली काढला. एका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांची ही रांग लागली होती : पुन्हा करणे, पुन्हा म्हणणे, उजळणी करणे, घोकणे, गिरवणे, री ओढणे, नक्कल करणे, प्रतिध्वनी उमटणे, पालुपद.

“यातलं पिटू काय करते?” तिनं विचारलं.

“घोकते,” आजी शेंगा सोलता सोलता म्हणाली. आजी म्हणजे पिटूच्या बाबांची आई.

“घोकायला पुढे परीक्षा असावी लागते, अहो आई.”

“मग नक्कल करते.”

“नक्कल करणारा माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. ही बघतच नाही.”

“बरं बाई, मग री ओढते.”

“री ओढायला आधी कुणीतरी काहीतरी बोललेलं हवं. काल ती एकटी न्हाणीघरात बोलत होती.”

“मग तूच सांग काय ते. शास्त्रज्ञ तू, मी आपली शेंगा सोलणारी.” आजीनं ताटली पुढे ओढली. “आमच्या टेलिफोनच्या खात्यात रिपीट म्हणजे ‘पोचलं’. गिऱ्हाइकानं नंबर सांगितला की आम्ही तोच नंबर परत म्हणायचा. म्हणजे पलीकडच्याला कळायचं, की आपलं बोलणं कुणाच्या तरी कानात पडलंय. परत नाही म्हटलं तर तो बापडा नुसताच ओरडत बसायचा.”

एवढ्यात बाबा आले. ते रंगकामाची कंत्राटं घ्यायचे. आज कानाच्या पाळीला पिवळा डाग होता. त्यांनी उभ्याउभ्याच फॉर्म वाचला, त्यांचा चेहरा पडला, आणि मग बायकोच्या मांडीवरचा शब्दकोश बघून तो पुन्हा थोडा उजळला.

“आमच्यात याला दुसरा हात म्हणतात,” ते म्हणाले. “पहिला हात भिंत पिऊन टाकते. दिसतो तो दुसराच. बाईंना सांग, आमची पोरगी दुसरा हात मारते.”

“आणि पहिला कुठे गेला?”

“पिऊन टाकला असेल तिनं,” बाबा म्हणाले. कुणी हसलं नाही, म्हणून मग ते स्वतःच थोडं हसले.

पिटू खिडकीखाली बाटल्यांची झाकणं ओळीत लावत बसली होती. तिनं मान वर न करता, इमारतीच्या रखवालदाराच्या घोगऱ्या आवाजात स्पष्ट सांगितलं, “लिफ्ट बंद आहे, जिन्याने चला.”

लिफ्ट सकाळपासून ठणठणीत चालू होती.

पिटूचं हे असंच होतं. सुटा शब्द तिच्या तोंडून येत नसे. आलं तर आख्खं वाक्य येई, ज्याचं त्याच्या आवाजासकट. ‘पाणी हवंय का?’ विचारलं तर ‘पाणी हवंय का?’ एवढंच परत. कानाच्या डॉक्टरांनी कान खणखणीत असल्याचं सांगितलं होतं. वाचा तपासणाऱ्या तज्ज्ञबाईंची पहिली मोकळी तारीख चार महिन्यांनंतरची होती, आणि शुक्रवार तर तीन आठवड्यांवर आलेला.

दुसऱ्या दिवशी आईनं कामावरून येताना एक जाड पुठ्ठ्याची वही आणली.

तिच्या कामाची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रयोगशाळेत तिच्याकडे बारीक वजनं यायची, काही तर नखाएवढी. वजन चिमट्यानं उचलायचं, तराजूच्या काचेच्या पेटीत ठेवायचं, काचेचं दार लावायचं, श्वास आवरायचा, आणि समोरचा आकडा नाचायचा थांबेपर्यंत वाट बघायची. तो ठरला की वाचायचा. मग वजन उचलायचं आणि सगळं परत पहिल्यापासून. असं दहा वेळा. एकट्यादुकट्या वाचनाला तिथे कुत्रंही विचारत नसे. दहाही वाचनं एकमेकांना धरून असली तरच कागदावर सही व्हायची. म्हणजे ज्या शब्दानं शाळेत मुलगी नापास होत होती, त्याच शब्दावर आईची नोकरी उभी होती.

तेव्हा तिनं जे येत होतं तेच केलं. वहीत दोन रकाने आखले. एकात वाक्य, दुसऱ्यात किती वेळा. अकरा दिवस ती पिटूच्या मागे पेन घेऊन फिरली. न्हाणीघराच्या दाराशी, जेवणाच्या टेबलाशी, शाळेच्या वाटेवर. ती घरी नसे तेव्हा आजी रद्दीच्या कागदावर रेघा मारून ठेवायची आणि संध्याकाळी हिशेब द्यायची, “आज ‘लाइनवर राहा’ चार वेळा, ‘हात लावू नको’ दोनदा. आणि ते चेहऱ्याला हात लावून बसते, ते लिहायचं का गं?”

“ते वाक्य नाही, अहो आई.”

“बरं.”

अकराव्या दिवशी त्रेचाळीस वाक्यं झाली. ‘लिफ्ट बंद आहे’ सतरा वेळा, सगळ्यात वर. आईनं टक्केवारी काढली, उतरत्या क्रमानं यादी केली आणि ती बाबांपुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ बघितली.

“छान आहे,” ते म्हणाले. “यावरून काय कळलं?”

काही कळलं नव्हतं. तेच तर तिला खुपत होतं.

मग तिनं जी चूक केली, ती तिच्यासारखीच बाई करू जाणे. तिनं ठरवलं, नुसतं बघून भागायचं नाही, नीट मोजायला हवं. शनिवारी सकाळी तिनं पिटूला टेबलाशी बसवलं, खिडकी लावली, समोर पाण्याचा पेला ठेवला आणि विचारलं, “हे काय आहे?”

“हे काय आहे?” पिटू म्हणाली.

आईनं नोंद केली. पेला उचलला, बाजूला ठेवला, परत आणला. “हे काय आहे?”

“हे काय आहे?”

नऊ वेळा प्रश्न, नऊ वेळा तोच प्रश्न परत, आईच्याच सुरात. पेला इकडून तिकडे जाऊन पाणी टेबलावर सांडलं होतं. दहाव्या वेळी पिटूनं पेल्याकडे पाहिलं, आईकडे नाही, आणि बाबांच्या भरड आवाजात म्हणाली, “शिडी काढा आता.” मग खुर्चीवरून घसरून उतरली आणि झाकणांकडे निघून गेली.

आईनं नऊ ओळी पूर्ण केल्या. दहावीत तिनं लिहिलं, ‘शिडी काढा आता’, आणि त्यावर एक आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, ‘असंबद्ध’.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं ती वही प्रयोगशाळेतल्या काकांना दाखवली. काका नोंदवह्यांचे राखणदार होते. एखाद्या पानावर एक जरी रकाना मोकळा राहिला तरी ते पान तसंच परत पाठवायचे, मग समोर साहेब असो की शिकाऊ. सगळे त्यांना पाठीमागे रकानेकाका म्हणायचे, आणि हे त्यांना चांगलंच माहीत होतं.

काकांनी डबा बाजूला सारला, हात पुसले आणि वही पहिल्या पानापासून वाचली. घाई हा प्रकार त्यांच्या अंगात नव्हता.

“ताई,” ते शेवटी म्हणाले, “ही वही माझ्याकडे कामात आली असती तर मी काय केलं असतं?”

“परत पाठवली असती.”

“परत? फेकून मारली असती. तापमान कुठाय?”

“काका, मुलीचं कसलं तापमान?”

“मुलीचं नाही हो. खोलीचं. खोलीत कोण होतं, आधी काय झालं, नंतर काय झालं. आपण वजन वाचतो तेव्हा शेजारी लिहितोच ना, हवा कशी होती, दार कुणी उघडलं ते? आकडा खोटा नसतो, ताई. त्याच्या शेजारची जागा कोरी ठेवली की खोटा पडतो.” त्यांनी शनिवारच्या पानावर बोट ठेवलं. “आणि हे. नऊ वाचनं सारखी आली, दहावं वेगळं आलं, म्हणून तुम्ही ते बाद केलंत. का?”

“ते विसंगत होतं.”

“चौदा वर्षं झाली तुम्हाला. विसंगत वाचन आलं की आपण काय करतो?”

“का आलं ते बघतो,” ती हळू म्हणाली.

“मग बघा की. बरं झालं रेघ एकच मारलीत. खाडाखोड केली असती तर वाचताही आलं नसतं.”

आईनं बसमध्ये उभ्यानं ते पान पुन्हा वाचलं. ‘शिडी काढा आता’ हे बाबांचं वाक्य. ते कधी म्हणतात? पिटूला दोनदा त्यांनी कामावर नेलं होतं. भिंत पुरी झाली, दुसरा हात वाळला, की ते कामगारांना सांगतात, शिडी काढा आता. मग सगळे हातपाय धुतात आणि घरी जातात.

नऊ वेळा पेला उचलून झाल्यावर कोणतंही शहाणं माणूस हेच म्हणालं असतं.

ती दोन थांबे आधीच उतरली आणि चालत घरी आली, कारण बसमध्ये नुसतं उभं राहवेना. घरी येऊन तिनं वहीत पाच नवे रकाने आखले : वेळ, खोलीत कोण, आधी काय झालं, नंतर काय झालं, वाक्य पहिल्यांदा कुठे ऐकलं असेल. शेवटी अर्थाचा रकाना, आणि तो पेन्सिलीनंच भरायचा, असं ठरवलं.

पुढचे दिवस घराला जणू वेगळाच नाद लागला. पिटू काही बोलली की स्वयंपाकघरातून आजी ओरडायची, “आधी काय झालं? आधी काय झालं?” बाबा रंगाच्या डब्यावर पेन्सिलीनं नोंदी करून आणायचे आणि मग तो डबाच घरी राहायचा. बुधवारी त्यांनी, कुणाला न सांगता, वीस वर्षांच्या मिशा सफाचट केल्या आणि बाहेर आले. आजीच्या हातातलं झाकण पडलं. पिटूनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि रखवालदाराच्या आवाजात सांगितलं, “लिफ्ट बंद आहे, जिन्याने चला.”

आईनं वही उघडली. निळ्याऐवजी हिरवा कप दिला तेव्हा हेच वाक्य. शाळेची वाट खोदली होती तेव्हा हेच. वही आणण्याच्या आदल्या दिवशी शब्दकोश आणि फॉर्म घरात आले, मोठी माणसं उभ्यानं बोलू लागली, तेव्हाही हेच. आज मिशा.

“म्हणजे, रोजच्यासारखं नाही,” आई म्हणाली. “नेहमीचं बंद पडलंय.”

“माझ्या मिशा म्हणजे लिफ्ट काय?” बाबा म्हणाले.

“तुझ्या मिशांनी तिला वर चढता येत होतं असं धर,” आजी म्हणाली. “वाढव परत. मुकाट्यानं.”

‘लाइनवर राहा, जोडून देते’ हे आजीचं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी फोन उचलला की तिच्या तोंडी तेच यायचं. पिटू ते तेवीस वेळा म्हणाली होती, आणि तेवीसपैकी एकवीस वेळा कुणीतरी उठून बाहेर निघालेलं होतं. ‘हात लावू नको, फुटेल’ हेही आजीचंच, काचेच्या बरणीपाशी ऐकलेलं. ते ती खिडकीच्या काचेला म्हणे, बाबांच्या चष्म्याला म्हणे, आणि एकदा साबणाच्या फुग्याला म्हणाली होती. त्या नोंदीपुढे आजीनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ‘बरोबरच आहे.’

आई शब्दकोशातली रांग पुन्हा पुन्हा काढून बघायची. उजळणी नव्हे. नक्कल नव्हे. पालुपद तर नव्हेच. पिटूकडे लहान सुटे शब्द नव्हते, आख्खी वाक्यं होती. आणि ती ज्या प्रसंगात ऐकली त्या प्रसंगासकट तिनं ठेवून दिली होती. तसाच प्रसंग पुन्हा आला की ती ते वाक्य काढून पुढे करायची. याला एक शब्द कुठे छापलेला नव्हता. याचं तिला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर तिला मजा वाटत होती. कित्येक वर्षांत इतकी मजा वाटली नव्हती.

एक वाक्य मात्र अडून बसलं होतं, आणि ते नेमकं तिचंच होतं. एकदा आजीच्या डोळ्यांची तपासणी होती म्हणून तिनं पिटूला प्रयोगशाळेत नेलं होतं. दोन तास पोरगी तराजूसमोरच्या स्टुलावर हलली नव्हती. मधेच कुणी आत आलं, तेव्हा आई म्हणाली होती, “दार उघडू नका, आकडा हलतो.” तेव्हापासून पिटू ते म्हणायची. पाहुणे आले होते तेव्हा. शेजारी भिंतीला भोक पाडत होते तेव्हा. एकदा आजी आणि बाबा एकदम बोलत होते तेव्हा. दार कधी उघडं होतं, कधी बंद. दाराला घाबरते म्हणावं, तर न्हाणीघराचं दार ती स्वतःच आपटायची. गुरुवारी संध्याकाळपर्यंत आठ नोंदी झाल्या आणि अर्थाचा रकाना कोराच राहिला.

शुक्रवारी दहा वाजता आई आणि पिटू मोठ्या बाईंसमोर बसल्या. बाबांना एका घराचा रंग द्यायचा होता आणि आजीला आईनंच येऊ दिलं नाही, कारण आजी मोठ्या बाईंना नक्की काहीतरी बोलली असती.

मोठ्या बाई उंच होत्या, चष्मा केसांवर सरकवलेला, आणि आवाज दमलेला. वाईट बाई नव्हत्या. त्यांना सव्वा दहाला दुसरे पालक होते, एवढंच. खोलीत डोक्यावर पंखा खडखडत होता. बाहेर पोरं पाढे म्हणत होती.

आईनं वही पुढे केली.

“वही नंतर बघू,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आधी मुलीशी बोलू दे. काय गं, नाव काय तुझं?”

“काय गं, नाव काय तुझं?” पिटू म्हणाली.

“शाळा आवडते?”

“शाळा आवडते?”

मोठ्या बाईंनी फॉर्मवर काहीतरी टिपलं. कारकून आत आला, सही घेऊन गेला. फोन वाजला, त्यांनी उचलला, ‘नंतर’ म्हणून ठेवला. दार पुन्हा उघडलं. वर्गाच्या बाई डोकावल्या. “मी सांगितलं होतं ना,” असं त्या बोलल्या नाहीत, पण त्यांच्या भुवया बोलल्या.

“हे बघ, हे काय आहे?” मोठ्या बाईंनी काचेचा पेपरवेट उचलला.

पिटूनं दोन्ही हात वर केले. तळवे सरळ, बोटं जुळलेली, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभे धरलेले. आणि आईच्या हळू, आवरलेल्या आवाजात ती म्हणाली, “दार उघडू नका, आकडा हलतो.”

“दार?” मोठ्या बाईंनी दाराकडे पाहिलं. “दाराचं काय?”

आई दाराकडे बघत नव्हती. ती त्या तळव्यांकडे बघत होती. चेहऱ्याला हात लावून बसते, ते लिहायचं का गं? आजीनं विचारलं होतं आणि तिनं नाही म्हटलं होतं. ते वाक्य नव्हतंच. ती तराजूची काचेची पेटी होती. पिटू स्वतः आत होती, आणि आकडा तिचा हलत होता.

“मॅडम,” आई म्हणाली, “मला दोन मिनिटं द्याल? नुसती दोन. दार लावून घेऊ, पंखा बंद करू आणि कुणीच काही बोलायचं नाही.”

“कशासाठी?”

“मी वजनं तपासते. आकडा नाचत असताना आम्ही वाचत नाही. वाचला तर चूक वजनाची नसते, आमची असते.”

मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं. मग, का कोण जाणे, उठून त्यांनी स्वतःच पंख्याचं बटण बंद केलं. वर्गाच्या बाई आत आल्या, दार लावून भिंतीशी उभ्या राहिल्या. पाती फिरत फिरत मंद झाली आणि थांबली. आईनं श्वास आवरला. ती सवयच होती. एक मिनिट गेलं. मोठ्या बाईंचं बोट टेबलावर वाजू लागलं आणि त्यांनी स्वतःच ते दुसऱ्या हातानं दाबलं. दीड मिनिट. पिटूचे हात आधी थोडे खाली आले, मग मांडीवर आले. तिनं खोली बघितली. खिडकी, कपाट, मोठ्या बाईंचा चष्मा, टेबलावरचा पेपरवेट.

“हे काय आहे?” मोठ्या बाईंनी विचारलं, पण आता अगदी हळू.

पिटूनं पेपरवेटकडे बोट नेलं, शेवटच्या क्षणी मागे घेतलं, आणि आजीच्या आवाजात बजावलं, “हात लावू नको, फुटेल.”

भिंतीशी उभ्या बाईंच्या भुवया वर गेल्या.

“काच,” आई म्हणाली. तिनं वही उघडून पान पुढे केलं. “ती काचेला असं म्हणते. चौदा नोंदी आहेत. एक साबणाच्या फुग्याची.”

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पान वाचलं. मागचं वाचलं. त्याच्या मागचं वाचलं. सव्वा दहा वाजून गेले होते. मग त्या पिटूकडे वळल्या. “तुला पहिलीत जायचंय का, तुझ्या वर्गातल्या मुलांबरोबर?”

“लाइनवर राहा, जोडून देते,” पिटू म्हणाली.

“म्हणजे हो?”

आईला ‘हो’ म्हणता आलं असतं. तीन आठवडे तिला याच एका शब्दाची भूक होती. ओठांवर आलेला तो शब्द तिनं परत गिळला.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “माणूस उठून जायला लागला की ती हे म्हणते. ‘जाऊ नको’ असा अर्थ असावा. आता ते मुलांबद्दल आहे, की सव्वा दहा झाले म्हणून तुम्ही उठाल याबद्दल, ते एवढ्यावरून नाही सांगता येणार.”

मोठ्या बाई खुर्ची मागे सारून उठल्या आणि दाराकडे दोन पावलं गेल्या.

“लाइनवर राहा, जोडून देते,” पिटू घाईनं म्हणाली.

मोठ्या बाई परत बसल्या. पिटू गप्प. त्या पुन्हा उठल्या. वाक्य पुन्हा आलं. पुन्हा बसल्या, आणि त्यांच्या दमलेल्या चेहऱ्यावर काहीतरी जागं झालं. “किती वेळा करावं लागतं हे?”

“आमच्याकडे दहा.”

“दहा!” त्या तिसऱ्यांदा उठू लागल्या.

“शिडी काढा आता,” पिटू बाबांच्या आवाजात म्हणाली आणि खुर्चीवरून खाली घसरली.

“आता हे काय?”

“पुरे, असं,” आई म्हणाली.

मोठ्या बाई खळखळून हसल्या. “हं, मलाही पुरे,” त्या म्हणाल्या आणि फॉर्म पुढे ओढला. “पहिलीत बसू दे. दारापासून लांब, भिंतीकडच्या बाकावर. आणि या वहीची एक प्रत वर्गात हवी. बाई, तुम्हीही लिहायचं हं त्यात. ‘आधी काय झालं’ सकट.”

“तापमानही?” वर्गाच्या बाई म्हणाल्या. टोमणा होता, पण त्या वहीवर वाकल्या होत्या आणि साबणाच्या फुग्यापाशी त्यांचं बोट थांबलं होतं.

मोठ्या बाईंनी ‘फक्त रिपीट करते’ या हिरव्या ओळीवर पांढऱ्या शाईची बाटली उघडली.

“खोडू नका,” आई पटकन म्हणाली. “एक आडवी रेघ मारा आणि शेजारी सही करा. आधी काय वाटलं होतं तेही राहू दे.”

“बरं. आणि त्याऐवजी काय लिहू? शब्द सांगा.”

“शब्द अजून सापडला नाही मला.”

मोठ्या बाईंनी थोडा विचार केला आणि रेघेच्या वर, दाटीवाटीनं, लिहिलं : ‘ऐकलेल्या वाक्यांनी बोलते. सोबतची वही पाहावी.’ दोन बोटांची जागा पुरली नाही. शेवटचे दोन शब्द समासात गेले.

फाटकाबाहेर कडक ऊन होतं. बस यायला वेळ होता. थांब्यावरच्या बाकावर एक माणूस कणसासारखं लांबलचक आइस्क्रीम खात होता. ते वितळून त्याच्या मनगटावर ओघळत होतं. पिटूनं थांबून ते नीट पाहिलं, आणि मग मोठ्या बाईंच्या दमलेल्या आवाजात, हसण्यासकट, म्हणाली, “हं, मलाही पुरे.”

आईनं पिशवीतून वही काढली आणि उभ्याउभ्याच नोंद केली. वेळ दहा बेचाळीस. सोबत आई, एक अनोळखी गृहस्थ. आधी : आइस्क्रीम ओघळलं. पिटूचे हात : पाठीमागे बांधलेले. ऐकलं कुठे : मोठ्या बाईंच्या खोलीत, दहा मिनिटांपूर्वी.

अर्थाच्या रकान्याशी पेन्सिल थांबली. तिला एक कल्पना सुचली होती, लगेच दुसरीही सुचली. दोन्ही तिनं मनातच ठेवल्या, ‘पहिलं वाचन’ एवढंच समासात लिहिलं, आणि वही हातात उघडीच धरून ती पिटूच्या शेजारी बसची वाट बघत उभी राहिली.